चुनाभट्टीवरचं लेकरू

आदेश, तो मोबाईल ठेव खाली. अन् श्रेया, तुला भ्या वाटणार असंल तर आत्ताच आईपाशी जा, मागनं माझ्या नावानं ओरडायचं न्हाई. ही ऐकीव गोष्ट न्हाई. माझा भाचा अमृत, त्याच्या डोळ्यांदेखत घडल्याली. गेल्या पौषातल्या संकष्टीला.

येडगावच्या वाटेला जुन्या चुनाभट्ट्या हायेत. आता तिथं बाग केलीय. अमृत तिथं पावण्यांना फिरवून समदं दावतो. हितं चुनखडी भाजायचे, हितं बैलाच्या घाण्यात चुना मळायचे... पोपटावानी बोलतो गडी.

त्या सांजेला पुण्याचे पावणे व्हते. अन् एक घोडेगावची कुशाबाई. पंचाहत्तरीची म्हातारी, दोन्ही कानांनी ठार बहिरी. नात वृषाली तिला हाताला धरून घेऊन आल्याली. तरणेपणी ह्याच भट्टीवर चुन्याच्या पाट्या वाहिल्या तिनं. तिचं पहिलं लेकरू हितंच तापानं गेलं. एवढ्या लहान लेकराला जाळत न्हाईत, पुरतात. अन् आईला काय तिथं नेत न्हाईत. नवऱ्यानं कुठं पुरलं ते त्यानं जन्मात सांगितलं न्हाई, अन् मग तोबी गेला.

फाटकातच तिनं अमृतचा हात धरला. म्हणली, "तुला ह्या भट्टीचं समदं ठावं हाय म्हणत्यात. मग माझं लेकरू कुठं निजवलंय, तेवढं दाव रं बाबा."

अमृत काय दावणार? त्यानं न्हाई म्हणून मान हलवली. लई वाईट वाटलं त्याला.

हिंडता हिंडता अंधार पडला. चंद्र अजून उगवला नव्हता. शेवटच्या भट्टीमागं समदे आले. अमृत बोलत व्हता... अन् मधीच थांबला.

लेकरू रडत व्हतं.

"कुणाचं बाळ आहे हो?" पुण्याच्या एका बाईंनी विचारलं.

बाळ कुणाकडंच नव्हतं. बॅटऱ्या फिरल्या. भट्टी... बाभळी... कुणी न्हाई.

आवाज खालनं येत व्हता. मातीतनं.

समद्यांनी ऐकला. एकट्या कुशाबाईला सोडून. ती बिचारी ज्याच्या त्याच्या तोंडाकडं बघून विचारतीया, "काय झालं गं? काय झालं?"

आता तिला सांगायचं कसं, सांगा बरं? मला अजून गलबलून येतं.

वृषालीच्या डोळ्याला धार लागली. तिनं आज्जीचा हात धरला अन् आवाजाच्या मागं गेली. बाभळीखाली एक चपटा दगड व्हता. आज्जीचा हात तिनं त्या दगडावर ठेवला.

म्हातारी उमजली.

खाली बसली. मांडी घातली. पदर पुढं ओढला... अन् हळूहळू डोलायला लागली.

रडणं बारीक झालं... मग हुंदके... मग काईच न्हाई.

कुणी हललं न्हाई. चंद्र वर आला तवा अमृतनं तिला उठवलं.

"उगी ऱ्हायलं का रं?" तिनं विचारलं.

अमृतनं मान डोलावली.

गाडीत बसवताना वृषाली आज्जीचा पदर सारखा करायला गेली, अन् तिचा हात तिथंच थांबला. चोळी पुढनं ओलीचिंब. ना दव पडलं व्हतं, ना कुणी पाणी सांडलं व्हतं. पंचाहत्तरीच्या बाईची चोळी, पोरांनो... दुधानं भिजली व्हती.