बाईंनी पाहिलेला आग्रा

मी महालावर पाय दिला.

चपलेसकट दिला. भर दुपारी, मुलींच्या शाळेच्या पटांगणात. महाल ओला होता, पायऱ्या गुलाबी होत्या, आणि आता मधल्या पायरीवर माझ्या चपलेचा अख्खा तळ उमटला होता.

"बाई, दरबारात चपला घालून येत नाईत."

आवाज भिंतीच्या सावलीतून आला. तिथं एक माणूस उकिडवा बसून डब्यात रंग ढवळत होता. गुडघा निळा, कानाची पाळी पिवळी. चिडला असेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, तर तो हसू दाबत होता.

"शाळेत दरबार भरवाले कोनं सांगतलं?"

"लटारूभाऊनं."

लटारूभाऊ म्हणजे आमच्या मूल गावच्या राइस मिलचे मुकादम आणि नाटक मंडळाचे अध्यक्ष. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागतात. नाटकाला पडदे लागतात – जंगलाचा, रस्त्याचा, महालाचा. दिवाळीच्या सुट्टीत शाळा रिकामी, म्हणून लटारूभाऊंनी पटांगण मागून घेतलं होतं. आणि मी, अन्नपूर्णाबाई, चौथीची शिक्षिका, विसरलेली छत्री न्यायला आले होते.

माफी मागून निघाले असते तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण तो हसत होता न…

"अन् घुमट असे नसतात," मी म्हटलं. "हे तं पालथे मडके झाले."

"मंग कसे असतात?"

"आग्र्याले पाह्यले मी."

तो उभा राहिला. हात पँटला पुसले. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिथं उभी नसून ताजमहालच उभा आहे.

"तुमी – आग्रा – पाह्यलं?"

आग्रा

नाही. पाहिला नव्हता.

चांद्याच्या नॉर्मल स्कूलची, म्हणजे शिक्षिका तयार करणाऱ्या शाळेची ट्रिप गेली होती, तेवढं खरं. माझं नाव यादीत होतं. ट्रंक भरून दारात ठेवली होती. त्या पहाटे मला हिवताप भरला. दात असे वाजत होते की आईनं चार गोधड्या टाकल्या तरी खाट हलत होती. मुली गेल्या, आल्या, माझ्या खाटेभोवती बसून सगळं सांगितलं. कोणी संगमरवराबद्दल सांगितलं, कोणी पेठ्याबद्दल.

मूलला नोकरीवर रुजू झाले त्या दिवशी हेडबाईंनी विचारलं, "तुमची बॅच आग्र्याची नं?" मी मान हलवली. नुसती मान. त्यावर चौथीच्या मुलींनी विचारलं, ताजमहाल केवढा, यमुनेत पाणी किती. मी सांगत गेले. दर वर्षी थोडं जास्त. तीन वर्षांत माझा आग्रा चांगला मोठा झाला होता.

कोणाचं काय बिघडत होतं? मूलमधून आग्र्याला जाणार कोण?

हैदराबाद

"बाई, तुमच्यानं झालं हे."

शाळा सुरू झाली होती. महाल रंगवणारा मुखरू पेंटर फाटकाशी उभा होता. मुखरू हे त्याचं नाव. गावात सगळे पेंटरच म्हणत. मीही पेंटरच म्हणायचे. भाऊ म्हणायला जीभ वळेना.

"काय झालं?"

"लटारूभाऊले सांगतलं, बाई म्हनतात माहे घुमट चुकले. भाऊ म्हनाले, जा मंग, खरं शहर पाहूनच ये एकदा. चार दिवस. आग्रा नाई तं हैदराबाद, दोहीतलं एक. शंकरपटाच्या बैलांच्या शर्यतीआधी पडदा तयार पाहिजे."

नाटकात एका बादशहाचा दरबार होता. कुठला बादशहा, ते पुस्तकातही नव्हतं. त्यामुळे कुठलंही शहर चाललं असतं.

"हैदराबाद," मी लगेच म्हटलं.

"मी आग्रा म्हनत होतो."

"काऊन?"

त्यानं फाटकाच्या कडीशी उगाच चाळा केला. "तुमी पाह्यलं ते पाहावं म्हनून."

काय सांगू… ऐकून बरंही वाटलं, आणि मी घाईघाईनं हैदराबादचे गुण आठवू लागले.

आग्रा – हैदराबाद – आग्रा

"हैदराबादले चार मिनार आहेत."

"ताजमहालालेबी चारच आहेत."

"तिथी गोवळकोंडा आहे. खाली टाळी वाजवली तं वर किल्ल्यावर ऐकू येते."

"लटारूभाऊ मले टाळीचं चित्र काढाले सांगन काय?"

"हैदराबाद जवळ आहे."

"जवळचं तं कधीबी पाहता येते."

"आग्र्याले थंडी लई."

"तुमाले वाजली होती?"

"…खूप."

"मंग वाजू द्या न मलेबी."

आणखी आग्रा

तो रोज येऊ लागला. शाळा सुटल्यावर, फाटकापाशी, पाच मिनिटं. रंगाच्या पुड्यांचे रिकामे कागद घेऊन यायचा आणि मी सांगेन ते मागच्या बाजूला लिहून घ्यायचा. स्टेशनातून उतरल्यावर कुठं वळायचं? ऊन कुठल्या बाजूनं येतं?

मी सांगायचे. काय करणार! वाट पाहायचे त्या पाच मिनिटांची. हाताला लागलेला खडू धुऊन, पदर नीट करून, फाटकाकडे न पाहता पाहत बसायचे.

एके दिवशी सांगण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी म्हटलं, "डाव्या हाताले एक विहीर आहे. गोड पानी. मी तिथी पानी प्याली होती."

त्यानं लिहून घेतलं. कागदाची नीट घडी केली. वरच्या खिशात ठेवली.

"मीबी तिथंच पिईन."

आणि गेला. मी फाटकाला धरून उभी राहिले. ताजमहाल त्याला सापडला असता, यमुनाही सापडली असती. विहीर कुठून सापडणार? तो शोधणार होता, हे मला माहीत होतं. डावीकडे शोधेल, मग उजवीकडे. लोकांना विचारेल. लोक हसतील. आणि मग, तिथंच कुठंतरी उभ्याउभ्या, त्याला सगळं कळेल. मला जन्मात कोणी तसं पाहिलं नव्हतं, जसं तो पाहायचा… आणि ते पाहणं आग्र्यात संपणार होतं.

मूल

त्याला रविवारी सकाळी निघायचं होतं. मी ठरवलं, स्टेशनावर गाठून सांगून टाकायचं.

स्टेशनावर अर्धं मंडळ हजर. लटारूभाऊंनी नारळ फोडला, पेंटरच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. त्या गर्दीत काय सांगणार?

"मंग पेंटर, कोनतं ठरलं?" लटारूभाऊंनी विचारलं.

"चांद्यापर्यंत ठरवतो, भाऊ. दोहीकडची गाडी तिथूनच भेटते."

हे म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. छोटी गाडी धूर सोडत आलीच. मी तिकिटाच्या खिडकीपाशी धावले. तिकीटबाबू बिरजूनं चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुमी कुठी?"

"चांदा," मी म्हटलं. माहेर चांद्यालाच होतं. कोणाला संशय यायचं कारण नव्हतं.

मी बायकांच्या डब्यात, तो हारासकट पुरुषांच्या.

टोलेवाही

गाडी थांबली न थांबली तोच तो खिडकीशी.

"बाई, तुमी काऊन चालल्या?"

"काम आहे."

"कोनतं?"

"तुमाले एक…"

शिट्टी. तो धावला.

समोर एक म्हातारी वांग्यांची टोपली घेऊन बसली होती. सुगंधाबाई म्हणे, चांद्याच्या बाजारात चालली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"भाऊ हाय तुहा?"

"नाई."

"मंग बरं," ती म्हणाली आणि वांगी नीट लावू लागली.

केळझर

इथं गाडी जरा जास्त थांबते. दोन्हीकडे बांबू, उन्हात हिरवं-पिवळं काहीतरी हलत असलेलं. तो आला. हार आता हातात होता.

"बोला."

मी खिडकीचा गज धरला. "पेंटर, ती विहीर नाई."

"कोनती?"

"आग्र्याची. डाव्या हाताची. अन् ते ऊन, तो रस्ता… मले काईच ठाऊक नाई. मी आग्र्याले गेलीच नाई. हिवताप आला होता. पोरींनी सांगतलं ते मी सांगत आली, अन् ते संपल्यावर मनानंच."

त्याचा हात वरच्या खिशावर गेला, तिथं कागद होता. हात तसाच राहिला.

"सगळंच?"

"सगळं."

"घुमटबी?"

"घुमटबी."

शिट्टी झाली. तो माझ्याकडे पाहत दोन पावलं मागे गेला, वळला आणि पळाला.

केळझर आणि चांद्याच्या मधे

"काय म्हनाला?" सुगंधाबाईनं विचारलं.

"काईच नाई."

"गेला कसा? चालत का पळत?"

"पळत."

"मंग नको रडू. रागावलेला मानूस पाय आपटत जाते. पळत नाई."

"गाडी सुटत होती, आजी."

"हो का?" ती विचारात पडली. "मंग सांगता येत नाई बाप्पा."

चांदा फोर्ट

मी सगळ्यात शेवटी उतरले. तो फलाटावर ट्रंक आणि वळकटी घेऊन उभा.

"म्हनजे तुमीबी नाई पाह्यलं," तो म्हणाला.

"नाई."

"आग्रा नाई, हैदराबाद नाई?"

"चांदा अन् मूल. बस."

तो मटकन ट्रंकेवर बसला. एवढा मोठा श्वास सोडला, की जवळचा हमाल वळून पाहू लागला.

"सुटलो, बाई…"

"तुमी काऊन सुटले?"

"मी इकडे चांदा, तिकडे नागभीड, याच्या पलीकडे कधी गेलो नाई. तुमी आग्रा पाहून आलेल्या. तुमाले एक विचाराचं होतं, पन कोन्या तोंडानं विचारू? म्हटलं, आधी जाऊन येतो, मंग बरोबरीनं विचारतो. पंधरा दिवस झाले, हेच घोकत हिंडून राह्यलो."

मला हसू येईना, रडूही येईना. "अन् मी खोटं बोलली, त्याचा राग नाई?"

"हाय न! तुमच्या सांगन्यावरून घुमट तीनदा पुसले मी. केळझरले टोपलीभर राग होता." त्यानं हाताचा पिवळा डाग खरवडला. "चांदा येईपर्यंत अर्धा संपला. उरलेला पुरवून पुरवून काढीन."

"काढा. मी ऐकून घेईन."

गाडीचं इंजिन सुटं होऊन पुढं गेलं.

"मंग मी हैदराबादले जातो," तो म्हणाला.

त्याला आता आग्र्याचं नावही नको, असंच वाटलं मला. "काऊन? आता तं… आता आग्र्याले जायले काय हरकत आहे?"

"आग्रा एकट्यानं पाहू काय? तुमीबी कोऱ्या, मीबी कोरा." तो कानाच्या पाळीशी बोट नेत, वर न पाहता म्हणाला, "ठेवून देऊ. दोघं मिळून जाऊ कधीतरी."

माझ्या आधी माझ्या कानांना समजलं. ते तापले.

"हेच विचाराचं होतं?"

"याच्याहून बरं होतं. पाठ केलं होतं." तो कसनुसा हसला. "विसरलो."

"हैदराबादची गाडी केव्हा आहे?"

"संध्याकाळी."

"तवरक काय करनार?"

"बसतो इथंच ट्रंकेवर."

मी वळकटी उचलली. त्यानं ओढून घेतली. मी पुन्हा उचलली.

"आज रविवार आहे," मी म्हटलं. "बाबा घरीच असतात."

घर

बाबा ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस. आम्हाला पाहून वस्तरा थांबला.

"अन्नू? न कळवता? अन् हे कोन?"

"हे मूलचे पेंटर, मुखरूजी. नाटकाचे पडदे काढतात. हैदराबादले चालले, महाल पाहाले."

"हैदराबादले कायले?" बाबा एकदम रंगात आले. पाहुणा आणि विषय दोन्ही मिळाले की त्यांना दाढीची आठवण राहत नाही. "आग्र्याले जा न, राजा! आमच्या अन्नूचं तं लई मन होतं. पेटी भरून दारात, अन् पहाटे पाहतो तं पोरगी थडथड, थडथड…"

तीन वर्षं मी ही गोष्ट कोणासमोर निघू दिली नव्हती. कोणी मूलचं माणूस घरी आलं, की बाबांचं बोलणं मधेच तोडून मी भाजीचा भाव काढायचे. आज मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. इतकं हलकं वाटत होतं, की कोणी फुंकर मारली असती तर गावाच्या परकोटाच्या भिंतीवरून पलीकडे गेले असते.

"सांगा बाबा," मी म्हटलं. "सगळं सांगा."

पेंटर ओट्याच्या कडेला बसला. ट्रंक बाजूला सरकवली. आणि आवाजात जेवढी हिंमत गोळा करता आली, तेवढी करून, आमच्याकडे सासऱ्याला ज्या नावानं हाक मारतात त्या नावानं म्हणाला –

"मंग काय झालं, मामाजी?"

बाबांच्या वस्तऱ्यावरचा फेस टपकन ओट्यावर पडला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घालायला हवी होती… नाही घातली.

बाबांनी आरसा पालथा ठेवला. पंच्यानं अर्धा गाल पुसला, अर्धा तसाच राहिला.

"अन्नू," ते म्हणाले, "चहा ठेव. हे लंबं चालनार दिसते."