उजवं इंजिन

कुलूप लावल्यावर ते पुन्हापुन्हा ओढून बघणारा मी माणूस. धातू का तुटतात, हे आयुष्यभर शिकवलं. पण स्वतःच्या मताखाली सही करायला अजून कचरतो. म्हणूनच बहुधा मला बोलावलं असावं. भित्रा म्हातारा, दाखवू तिथे सही करेल.

लष्करी विमान उडाल्याबरोबर पेटून कोसळलं होतं. हवाई तळाच्या फाटकाशी बाकावर वैमानिकाची आई बसली होती.

"भाऊ, माझं पोर गडबडलं म्हणतात. खरं का?"

"बघून सांगतो," मी म्हटलं.

हँगरमध्ये भर दुपारीही अंधारल्यासारखं होतं. जळक्या इंधनाचा वास घशात बसत होता. फरशीवर खडूनं विमानाचा आकार आखून एकेक तुकडा आपापल्या जागी मांडलेला. मध्ये शेजारीशेजारी दोन इंजिनं. डावं पार कोळसा, उजवं बरंचसं शाबूत.

"उघड आहे, प्रोफेसर," चौकशी अधिकारी म्हणाले. "आग डाव्याला लागली, पठ्ठ्यानं बंद केलं उजवं. तुमची सही झाली की उद्या बाकीची विमानं उडायला मोकळी."

मी उजव्या इंजिनावर हात टेकला आणि झटकन मागे घेतला.

"हे... गरम आहे."

त्यांनी आपला तळवा त्यावर निवांत ठेवला. "थंडगार. घरचा गॅस बंद केलात ना येताना?"

मलाही शंका आली, गॅसची आणि स्वतःच्या हाताचीही. पुन्हा हात लावला. एका नळीवर चटका बसला, जणू कुणी माझं बोट धरून तिथेच टेकवत होतं. भिंग लावलं. इंधनाच्या नळीला केसाएवढी चीर, कडा जुन्या, काळवंडलेल्या.

"आग इथे लागली," मी चीर दाखवत म्हटलं. "त्यानं बरोबर इंजिन बंद केलं, पण तोवर ज्वाळा पलीकडे पोचल्या होत्या. विमान डाव्या अंगावर पडलं, म्हणून डावं इंजिन जास्त जळलं."

"निष्कर्ष वर कळवून झालाय."

"मग खाली आणा."

"आणि तुमचंच चुकलं असेल तर?"

"असेलही. तरी सही करणार नाही. प्रत्येक विमानाची ही नळी तपासा. तोवर मी फाटकाशी बसतो. हाकललंत तर फाटकाबाहेर बसेन."

बसलोही. आईला म्हटलं, "त्याची चूक नव्हती." तिनं सरकून मला बाकावर जागा दिली.

दिवस कलताना अधिकारी स्वतः चालत आले. दुसऱ्या एका विमानात तशीच चीर सापडली होती. सगळी उड्डाणं थांबवली होती. पण त्यांचा चेहरा उतरलेला, हातात वायरलेस.

"प्रोफेसर... कुणीतरी उतरायची परवानगी मागतंय. म्हणतोय, उजवं बंद केलंय..."

"कोण?"

"सगळी विमानं आत उभी आहेत."

आई उठली. "मग द्या ना परवानगी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ते वायरलेसवर पुटपुटले.

रिकाम्या धावपट्टीवर चाकं टेकल्याचा आवाज आला. मग एकाच इंजिनाची घरघर. ती धावपट्टीच्या टोकाशी थांबली नाही... वळली, आणि हळूहळू फाटकाकडे येऊ लागली.