छताला टेकवलेला फोन

काम एवढंसंच होतं. टाकी भरून वाहत होती, गच्चीवर जाऊन कॉक बंद करायचा. त्या आठवड्याची पाळी विमा एजंटची. जानेवारीची नऊ तारीख, रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. आणि बाळा, मघाशी माझं घोरणं मोजत होतास ना, तो फोन आधी खाली ठेव. ही गोष्ट त्यातलीच आहे.

एजंट आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. उभ्या जन्मात कुणाचं धड ऐकून घेतलं नाही, पण फोनवर आवाज मोजायचं ॲप आलं आणि गडी शहाणा झाला. कुणाचा मिक्सर अठ्ठ्याऐंशी डेसिबल, कुणाचं दार चौऱ्याहत्तर, जिन्यातली पोरं नव्वद. रोज सकाळी सगळ्यांना यादी पाठवायचा. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

त्याच्या डोक्यावर म्हातारा पेंटर राहायचा. दुकानांच्या पाट्या रंगवून रंगवून छाती कामातून गेलेली. रात्री खोकायचा. खोकणार नाही तर काय शीळ घालेल? तर ह्या महाभागानं स्टुलावर चढून फोन छताला टेकवला. एकाहत्तर! पलंगावरून मोजलं असतं तर खोकला चाळीसही भरला नसता. मी जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, मला कळत होतं. पण इमारतीच्या सभेत त्यानं फोन नाचवला. "आकडा खोटं बोलतो का?" म्हणाला. आणि मी गप्प बसलो. सगळेच बसलो, शेळपट लेकाचे.

पेंटरच्या मुलानं लाजेकाजेस्तव बापाला गच्चीवरच्या खोलीत हलवलं. "आठच दिवस, बाबा," म्हणाला. चौथ्या सकाळी म्हातारा दाराशी सापडला. गार झालेला, हात कडीवर. हाका मारल्या असणार. कुणाला ऐकू जाणार? एजंट जिन्यात म्हणतो कसा, "आपल्याला तर मस्त झोप लागली बुवा." निर्लज्जपणालाही काही माप असतं.

त्याला महिना झाला, आणि नऊ तारखेला हा वर गेला. कॉक बंद केला. वळला, तर त्या खोलीचं दार उघडं. आत शिरला. जित्याची खोड... ॲप चालू केलं.

शून्य.

फोन शून्य दाखवत नाही, पोरांनो. कुणी नसलं तरी आपला श्वास असतो. पंचवीस-तीस दाखवतोच.

तो खाकरला. शून्य.

"कोण आहे?" शून्य.

दार लागलं. आवाज न होता...

तो ओरडला. बायकोला हाक मारली. पुन्हा मारली... फोनवरचा काटा ढिम्म.

सकाळी पेंटरचा मुलगा वर गेला, तर हा दाराशी बसलेला. हात कडीवर. बायको रडत म्हणाली, "अहो, एक हाक तरी मारायचीत!"

त्यानं फोन तिच्यापुढे धरला.

परवा त्याच्याकडे गेलो होतो. "काका, तुम्हीच मोजा," म्हणाला. मी माझा फोन दोघांच्या मधे ठेवला, हातभर अंतरावर, नियमाप्रमाणे. तो बोलत होता, मला स्वच्छ ऐकू येत होतं. काटा अठ्ठावीसवर. तसूभर हलला नाही.

मग तो थांबला.

मला म्हणायचं होतं, छताला टेकवून मोजलं होतंस, तेव्हाच सांगायला हवं होतं मी. जीभ रेटेना. गप्प बसलो... पुन्हा.

आणि काटा चढायला लागला.

एकाहत्तरवर थांबला.