काट्यांत ठेवलेली वाट

घंटी वाजली तेव्हा केसर बांधाच्या अगदी मध्यावर होती. डोक्यावर ओल्या गवताचा भारा, एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला गुडघाभर भात, आणि समोरून... सायकल! इंग्रजांच्या अमदानीत उरणकडच्या त्या गावात अजून एकाच्याही दारात सायकल नव्हती. आणि बांधाची रुंदी म्हणाल तर जेमतेम एका माणसाची.

"बाजूला हो गं!" सायकलवाला ओरडला.

"तू हो!"

"मला थांबता येत न्हाय!"

"मंग चालवतोस कशाला?"

खरंच, त्याला थांबता आलं नाही. ऐनवेळी त्यानं हँडल वळवलं आणि सायकलीसकट खाडीच्या चिखलात गेला. केसरनं भारा खाली ठेवला, पोटभर हसून घेतलं, आणि मग हात पुढे केला.

"झालं हसून?" तो वर येत म्हणाला.

"न्हाय अजून. कोण रं तू?"

"दयाराम. पलीकडच्या पाड्यातला. उरणला शिवणाचं दुकान टाकलंय."

"बांध चालणाऱ्यांचा हाय, टेलरमास्तर. चाकाचा न्हाय."

"तू रोज अशी आडवी येनार असशील तर... मी रोज पडीन."

काय हे बोलणं! केसरनं भारा उचलला आणि मागं न बघता चालू लागली. घरी पोचली तरी गाल तापलेलेच होते.

पण बांध ही थट्टेची गोष्ट नव्हती. भरतीचं खारं पाणी शेतात येऊ न देणारी ती मातीची भिंत म्हणजे गावाचा जीव. ती फुटली की उभं पीक जातंच, पण पुढची काही वर्षं त्या जमिनीत धड गवतही येत नाही. पावलांनी माती दबते. चाकानं मात्र ती चिरत जाते. दयारामच्या जाण्यायेण्यानं बांधावर लांबलचक चर पडला, चरात पावसाचं पाणी साचलं, आणि ओझी घेतलेल्या बायका घसरू लागल्या. तुळशीकाकी तर मासळीच्या पाटीसकट आपटली. तिनं गाव डोक्यावर घेतलं.

"वाट काय तुमच्या एकट्यांची हाय?" दयाराम भांडला. "रस्त्यानं गेलो तर दुकान उघडंपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडं जातं."

बांधाची देखरेख केसरच्या बापाकडे, कोंडाजीकडे होती. त्यानं फर्मान काढलं, बांधावर पावलापावलाच्या अंतरानं बाभळीच्या काट्यांच्या जुड्या रोवा. चालणारा बघून पाय टाकील, चाकाला ते कुठलं जमायला! काटे रोवायचं काम लेकीकडे आलं.

केसरनं काटे रोवले... पण खाडीच्या कडेनं चार बोटांची पट्टी मोकळी सोडली. का सोडली, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या पट्टीवरून तोल सावरत दयाराम आला.

"काटं लावनारीचा हात कच्चा दिसतोय."

"गप जायचं सोडून बोलतोस काय?"

"तुला चोळी शिवून आनू? खणाची."

"माप न घेता?"

"माप... रोज बघतोय की."

"मेल्या!" ती म्हणाली, पण तिला राग काही आला नाही.

रोज तेच चाक, रोज तीच कड. भाताला लोंब्या आल्या. भादव्याच्या पुनवेला भर दुपारी उधाण चढलं आणि केसरच्या डोळ्यांदेखत खाडीकडची माती ढासळली. बांधाला भगदाड पडलं. पाणी आत आलं, भाताच्या मुळाशी पोचलं. भगदाड तिनंच सोडलेल्या पट्टीवर होतं. बोंब ठोकून तिनं गावाला हाका मारल्या, आणि माणसं येईपर्यंत स्वतःच खाडीकडे पाठ करून भगदाडात बसली.

दुपारच्या जेवणाला दुकानातून परतणाऱ्या दयारामनं ते बघितलं. सायकल फेकून तो धावला.

"ऊठ, मी बसतो!"

"एकट्याच्यानं न्हाय व्हायचं. सरक!"

खांद्याला खांदा लावून दोघं बसली. पाठीवर खाडी ढुसण्या देत होती, आणि केसरला भीती वाटत होती, लाज वाटत होती, आणि... खोटं कशाला बोला, बरंही वाटत होतं. गाव चिखलाच्या पाट्या घेऊन धावत आलं, दोघांच्या भोवती ढेकळं रचत गेलं. पाणी ओसरू लागलं तेव्हा त्यांना अक्षरशः उपसून काढावं लागलं. कडेच्या चार वाफ्यांत खारं पाणी शिरलं होतं. बाकीचं भात वाचलं.

"हे तुज्या चाकानं केलं!" कोंडाजी दयारामवर गरजला.

"न्हाय बाबा," केसर म्हणाली. "कड मी मोकळी सोडली व्हती."

"तू? कशापायी?"

सगळं गाव बघत होतं. केसरनं डोळे मिटले. "त्यो... रोज दिसावा म्हणून."

दयाराम पुढे झाला.

"मामा, आजपासनं बांधावर चाक टेकवनार न्हाय. सायकल खांद्यावर घेतो. पन जाऊ द्या."

"बांधावर पाय त्याचाच, ज्याच्या घरचा माणूस दरसाल बांधाला माती घालायला येतो. या गावात तुजं घर कुठाय?"

"तुमच्या घरातनं कोन येतं?"

"मी. पोरगा न्हाय मला."

"मग फुडल्या सालापासनं... तुमच्या घरचा म्हणून मला धरा."

तुळशीकाकीनं तोंडाला पदर लावला. कोंडाजीनं लेकीकडे बघितलं. "काय गं? हा काय बोलतोय?"

"बराबर बोलतोय," केसर पुटपुटली.

कोंडाजीनं एकदा फुटक्या कडेकडे बघितलं. मग त्यानं हातातली रिकामी पाटी दयारामच्या छातीवर आदळली.

"फुडल्या सालाची वाट कशाला बघतोस? ओहोटी हाय तवर माती आन!"

दयाराम पाटी घेऊन धावला, आणि माती भरून द्यायला केसर त्याच्या मागोमाग चिखलात उतरली.