शिवायच्या आधी

देगू शहरात, सोमुन बाजारामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे. खिडकीपाशी शिलाई मशीन आणि भिंतीला कपड्यांचा दांडा. दांड्यावरचा एकूण एक कपडा मी बेतलेला, मीच शिवलेला. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. दुकानातला कोट माझ्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो. म्हणून विशीत शिवायला बसले, ती पन्नाशी ओलांडली तरी उठले नाही. नोकरीही कापडाचीच. प्रयोगशाळेत कापड यंत्रावर ताणायचं आणि ते कितीवर फाटतं, ते लिहायचं. भास होणाऱ्यांतली मी नाही.

त्या शरदात मी हिरव्या लोकरीचा कोट शिवायला काढला होता. बटणं घ्यायला बाजारातल्या बे मावशींच्या गाळ्यावर गेले. मावशी शिंपल्याची बटणं दोऱ्यात ओवत बसल्या होत्या.

"कोट कुठं गेला आज?" त्यांनी विचारलं. "काल काय शोभत होता तो हिरवा!"

"मावशी, त्याला अजून बाह्या लागायच्यात."

"जा गं! म्हातारीची चेष्टा करतेस? समोर शेवयांच्या गाडीवर बसली होतीस. हाक मारली तर मान वर केली नाहीस. म्हटलं, बाईला नवा कोट आला, आता मावशीची ओळख कशाला ठेवील!"

मी हसले. घरी आले. बाह्या टेबलावर होत्या, टाचण्या टोचलेल्या, जशा सकाळी ठेवल्या होत्या तशा.

पुढे पट्ट्यापट्ट्यांचा झगा बेतला, कॉलरचा. कापड नुसतं कापून ठेवलं होतं, तोवर मावशी म्हणाल्या, "गोल गळा केलास ते बरं केलंस. तुझी मान उघडी चांगली दिसते." घरी येऊन हट्टाने कॉलरच लावायला घेतली. इतकी वर्षं इस्त्री हातात धरते आहे, कधी काही जाळलं नव्हतं. त्या दिवशी कॉलर करपली. कापड उरलं नव्हतं. गोल गळा करावा लागला.

तो झगा मी घातला. अंगाला चोख बसला. पण काखेतली शिवण मऊ पडलेली होती, आधी कुणीतरी वापरल्यासारखी.

मग एका दुपारी वहिनींचा फोन आला. आई त्यांच्याकडे असायची, अंथरुणाला खिळलेली. मी रविवारी जायचे.

"वन्सं, जनाची नाही तर मनाची तरी? सासूबाई अजून श्वास घेतायत, आणि तुम्ही ते सुतकाचे पिवळट कपडे घालून त्यांच्या पायाशी येऊन बसलात?"

"वहिनी, मी कामावर आहे. सकाळपासून."

"मग मी दार कुणाला उघडलं?"

हल्ली सुतकाचे काळे कपडे भाड्याने मिळतात. आईच्या गावाकडे मात्र मुलगी भांगेच्या धाग्याचं खरबरीत, पिवळट कापड आणून स्वतः शिवते. माझ्यावर वेळ आली तर मीही तेच करणार होते, पण हे मी कधी कुणाशी बोलले नव्हते.

मी ठरवलं, ते कापड घरात आणायचं नाही. मशीनवर चादर टाकली आणि जुनेच कपडे घालून कामावर जाऊ लागले.

हिवाळ्यात आईने खाणं सोडलं. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. पण नवं वर्ष येऊन गेलं, खालच्या अंगणातलं आलुबुखाराचं झाड फुललं, तरी आई होतीच. चमच्याने ओठ ओले करायचे, एवढंच. पाठीला जखमा झाल्या होत्या. चादर बदलताना आई चादरीबरोबरच उचलली जायची. डॉक्टर येत, नाडी बघत आणि चपला घालत. दादा एकदा जिन्यात रडला. "हिला कशात जीव अडकलाय, तेच कळत नाही," म्हणाला.

मला कळत होतं.

त्या रविवारी आईने डोळे उघडले.

"म्यंगओक, ती रोज येते."

"कोण, आई?"

"तूच की गं. पायाशी बसते. बोलत नाही. वाट बघत असते नुसती." तिने श्वास गोळा केला. "तू शिवत का नाहीस?"

"नाही शिवणार."

"पोरी, मी दमले गं."

तिचा हात हातात घेतला. त्याला वजनच नव्हतं.

मी कापड आणलं. मशीनवरची चादर काढली नाही. हातानेच शिवलं, बारीक बारीक टाके घालत, जितकं लांबवता येईल तितकं. काही टाके उसवून पुन्हा घातले. कापडाने बोटं सोलून निघाली.

शेवटी बंद लावले. गाठ मारली. दोरा दातांनी तोडला.

फोन वाजला.

अंत्यविधीच्या ठिकाणी वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी अंगावर हेच होते. ही डावीकडची गाठसुद्धा."

आईने मेल्यावर अंगावर घालायचे स्वतःचे शेवटचे कपडे कितीतरी आधी, एका अधिक महिन्यात, शिवून ठेवले होते; त्या महिन्यात शिवले की आयुष्य वाढतं म्हणतात. आम्ही ते तिला घातले. सैल, बिनखिशाचे. बाह्या इतक्या लांब की हात आत नाहीसे झाले. तसेच शिवतात ते.

मी मशीन विकून टाकलं. दोरे, कात्री, सगळं वाटून टाकलं. जुने कपडे विरले, तशी दुकानातले घेऊ लागले. खांदा लोंबतो, लोंबू दे. वर्ष गेलं. कुणी काही म्हणालं नाही. मला पुन्हा झोप लागायला लागली.

परवा बाजारातून जाताना बे मावशींनी हाक मारली.

"पुन्हा शिवायला लागलीस वाटतं? बरं झालं बाई. काल दिसलीस तुझ्या जिन्यापाशी."

मी उभी राहिले.

"पण माप चुकलं गं तुझं," मावशी म्हणाल्या. "बाह्या केवढ्या लांब! बोटंसुद्धा दिसत नव्हती."