चाळीस फेऱ्या, चार मिनिटं

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी, दुपारी दोनच्या सुमारास, आर्नदीस घरातून निघाली ती पोहायला. सात महिन्यांत पहिल्यांदाच. बाबागाडीत लोवा, लोवाच्या अंगावर लोकरीचे दोन थर, त्यावर पिसांची दुलई, आणि गाडीच्या दांड्याला टॉवेलची पिशवी. नवरा थोरगेर मासेमारीच्या बोटीवर, त्याला परतायला अजून अडीच आठवडे. म्हणजे लेकीचं खाणं, झोपणं, रडणं सगळं आर्नदीसच्या एकटीच्या गळ्यात. लेकीवर तिचा जीव होता, त्याबद्दल शंकाच नको. पण सात महिन्यांत तिनं एक कप कॉफी गरम असताना प्यायली नव्हती, आणि आंघोळ करायची तीही दार उघडं टाकून, एक कान बाहेर लावून. जिनं एके काळी पैज लावून अख्खा फ्योर्ड, डोंगरांमधली समुद्राची खाडी, पोहून पार केला होता, तिला हे किती दिवस सोसणार? रस्ताभर तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

तलावापाशी नेहमीची रीत होती. आयांनी बाबागाड्या बाहेर, खिडक्यांखाली ओळीनं लावायच्या आणि आपण आत जायचं. थंड हवेत बाळं गाढ झोपतात, आणि कुणाचं कुरकुरलंच तर जाणारा-येणारा गाडी थोडी झुलवतो आणि आपल्या वाटेनं जातो. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण त्या बुधवारी शाळेची बस आली होती आणि पोरांनी नुसता कालवा मांडला होता. इतक्या गोंगाटात लोवा दहा मिनिटंही झोपायची नाही हे आर्नदीसनं ओळखलं, आणि गाडी इमारतीच्या मागच्या अंगाला नेली.

मागे एक मोठा काळा खडक होता. खडकात कुणीतरी राहतं म्हणून तलाव बांधताना त्याला हात लावायचा नाही असं जुन्या लोकांनी ठरवलं होतं, म्हणून कुंपण त्याला वळसा घालून गेलेलं. खडकाच्या पोटाशी वारा अजिबात लागत नव्हता, बर्फसुद्धा साचलं नव्हतं. इतकी छान जागा आणि इथे एकही गाडी नाही, लोक आळशी आहेत झालं, असं मनाशी म्हणत तिनं ब्रेक लावला. मॉनिटरचा एक भाग लोवाच्या उशाशी ठेवला. दुसरा, आवाज ऐकू येणारा, पावाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बरोबर घेतला.

आणि मग पाणी. जमिनीतून उकळत आलेलं, अंगाला सोसेल इतकं निववलेलं, गंधकाचा तो कुजकट वास असलेलं पाणी. वर डोंगराआड गेलेल्या सूर्याचा निळसर उजेड, तोंडावर थंडीचा चटका आणि मानेपासून खाली ऊब. आर्नदीसनं बुडी मारली आणि तिला पाण्याखालीच हसू फुटलं. हात आपले, पाय आपले, श्वास आपला. तिनं मॉनिटर काठावर ठेवला आणि सुटलीच.

चाळीस फेऱ्या मारून ती काठाला लागली तेव्हा दंड भरून आले होते. आता तीन वाजत आले असणार, लोवा उठली असणार, अशा धास्तीनं तिनं टोकाच्या मोठ्या घड्याळाकडे पाहिलं. पाण्यात उतरताना दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. आता दोन चोवीस.

घड्याळ बिघडलं म्हणावं तर शाळेची पोरं अजून उडी मारायच्या रांगेतच उभी होती. मॉनिटरमधून लोवाचा श्वास एका लयीत येत होता.

बाजूच्या गरम हौदात एक म्हातारी मानेपर्यंत बुडून बसली होती. आर्नदीस तिच्याशेजारी जाऊन टेकली.

"आजी, या घड्याळाला झालंय काय? चाळीस फेऱ्या मारल्या मी, आणि हे म्हणतंय चारच मिनिटं."

"आजी नको गं. नुसतं फिन्ना म्हण," म्हातारी म्हणाली. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, पण आवाज खणखणीत. "बाळ कुठे ठेवलंस?"

"मागे. खडकापाशी."

फिन्नानं मागच्या बाजूला एकदा पाहिलं. "मग अजून चाळीस मार की," ती म्हणाली. "वेळ आहे तुझ्याकडे."

या वयात आजी म्हटलेलं चालत नाही, काय नखरा, असं वाटून आर्नदीस गालात हसली आणि परत पाण्यात उतरली.

ती बाहेर आली तेव्हा लोवा जागी होती. गाल गुलाबी, पोट भरल्यासारखी शांत. फक्त तिनं आईचं बोट धरलं तेव्हा नख लागलं. सकाळीच तर कापली होती आर्नदीसनं नखं. पण बाळांची नखं काय, गवतासारखी वाढतात. तिनं घरी येऊन पुन्हा कापली, आणि कॉफी केली, आणि ती गरम असताना प्यायली.

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. ओळीत जागा असली तरी गाडी थेट खडकापाशी. आणि काय दिवस होते ते. चार मिनिटांत दोन तास मिळत. ती पोहायची, हौदात बसून जाडजूड कादंबरी वाचायची, वाफेच्या खोलीत फळीवर आडवी होऊन डोळे मिटायची. वर्षभर रखडलेली प्रेमकथा वाचून संपवली, दुसरं पुस्तक सुरू केलं. पाठीवरून उडी मारायला शिकली. आरशात पाहिलं तर डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. घरी लोवाशी ती आता खिदळत खेळायची, चिडायची नाही. मोकळा वेळ मिळाला की आई चांगली होते असं सगळे सांगायचे, आणि ते खरंच होतं की. हे कसं काय घडतंय असं तिनं स्वतःला विचारलं नाही. विचारलं आणि थांबलं तर?

लोवाला दात आला. मग दुसरा, मग चार. जावळ कानावर आलं. दुपट्यातून पाय बाहेर येऊ लागले. दवाखान्यातली नर्स तक्त्यावर पेन टेकवून म्हणाली, "तुमची मुलगी फार पुढे आहे हो. काय घालता खायला?" आर्नदीसची मान ताठ झाली.

मॉनिटरमधून कधी कधी गुणगुणणं ऐकू यायचं. बाईचा आवाज, हलका, शब्द कळायचे नाहीत. गाडीची स्प्रिंग करकरायची. कुणीतरी जाता-जाता झुलवतंय, बिचारी थांबलीय थंडीत, असं वाटून आर्नदीसला त्या बाईचं कौतुक वाटायचं. बाहेर जाऊन तिचे आभार मानावेत असंही एकदा मनात आलं. पण अजून दहा फेऱ्या राहिल्या होत्या.

तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी लोवा गाडीत धरून उभी राहू लागली होती. आर्नदीसनं तिला बेल्ट लावला, दुलई नीट केली आणि टॉवेल खांद्यावर टाकून दारातून आत शिरते तोच फोन वाजला. थोरगेर. बोट किनाऱ्याच्या टप्प्यात आली होती, उद्या दुपारी तो घरी.

"माझी चिमणी काय करते?" त्यानं विचारलं.

"चिमणी कसली, घोडी झालीय. तू ओळखायचा नाहीस."

"पोरं वाढतात पटापट. बोटीवर सगळे हेच रडगाणं गातात. आणि तू? आवाज खूश लागतोय तुझा."

"मी रोज पोहते. दोन-दोन तास. तलावावर एक मैत्रीणसुद्धा झालीय, म्हातारी फिन्ना."

"कोण म्हातारी फिन्ना?"

"अरे, ती टेकडीवरच्या हिरव्या घरातली."

पलीकडे वाऱ्याचा आवाज आला. मग थोरगेर हसला. "अगं, म्हातारी काय म्हणतेस तिला. ती माझ्या बहिणीच्या वर्गात होती. पहिलीतच बाईंच्या खांद्याला लागायची. काहीतरी दुखणं होतं म्हणे तिला, सारखी वाढतच सुटली. मग शाळेतून काढली आईनं. तिच्या आईला पाहिलं होतंस? सत्तरीत गेली बिचारी, पण दिसायची... म्हणजे शेवटपर्यंत लोक विचारायचे, यातली आई कोण आणि लेक कोण."

फोन ठेवल्यावर आर्नदीस दारात उभी राहिली. बाहेर जाऊन गाडी खिडकीखाली आणावी असं तिला वाटलं, अगदी स्पष्ट वाटलं. पण पाण्यावरून वाफ उठत होती. उद्यापासून थोरगेर घरी, म्हणजे स्वयंपाक, पाहुणे, त्याचे खारट कपडे. शेवटचा दिवस. फिन्नाला विचारते, दहा फेऱ्या मारते आणि निघते, असं म्हणून ती आत गेली.

आणि दहावर थांबेल ती आर्नदीस कसली. अंग आज पाण्यात असं सरकत होतं की थांबणं शक्यच नव्हतं. शंभर, दीडशे, दोनशे. दमच लागत नव्हता. आपण कधीच, कोणत्याही शर्यतीत, इतक्या सुंदर पोहलो नव्हतो हे तिला कळत होतं, आणि आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. घड्याळात पाहिलं तर दोन वीस, पाण्यात उतरली तेव्हाचेच. आणखी शंभर मारून पाहिलं, तरी दोन वीस. काटा हललाच नव्हता.

तेव्हा कुठे तिला थंडी वाजली. गरम पाण्यात.

ती हौदाशी आली. फिन्ना तिच्याकडेच पाहत होती.

"फिन्ना, तुझं वय काय?"

"या मार्चमध्ये एकोणचाळीस होतील."

हौदाच्या कडेला पाणी लपलपत होतं.

"माझी आई मासे कापायच्या कारखान्यात होती," फिन्ना म्हणाली. "कामाची पाळी संपली की इथे यायची. मला तिकडेच ठेवायची, मागे. तिला खूप वेळ मिळायचा... तो वेळ कुठून यायचा, ते तिनं कधी विचारलं नाही."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. पहिल्याच दिवशी." फिन्नाचा खणखणीत आवाज बसला होता. "पण तू पाण्यातून बाहेर आलीस ती इतकी खुशीत... आई खुशीत कशी दिसते, ते मी कधी पाहिलं नव्हतं गं. मी तेव्हा मागे असायची."

"मागे... कुणाजवळ?"

"चांगलं वाढवलं मला त्या खडकातलीनं," फिन्ना एवढंच म्हणाली. "माझी तक्रार नाही."

काठावर पावाच्या पिशवीत मॉनिटर खरखरला. पावलांचा आवाज आला. छोट्या पावलांचा, धावणाऱ्या. कुणीतरी खळखळून हसलं, आणि मग धप्पकन पडल्याचा आवाज, क्षणभर शांतता आणि रडण्याचा टाहो. आर्नदीसनं तो टाहो ओळखला. मोठा झाला होता, घोगरा झाला होता, पण तिचाच होता. त्याच्या मागोमाग बाईचा आवाज, "अगं अगं... बघू... काही नाही झालं," आणि हळूच फुंकर. फू. फू. रडणं हुंदक्यावर आलं, हुंदका थांबला.

आर्नदीस तशीच पळाली. ओल्या अंगानं, अनवाणी, कुंपणाच्या वळशावरून. बर्फ तळव्यांना चावत होतं. हौदापासून खडकापर्यंत पळायला किती लागणार, वीस सेकंद, पंचवीस. खडकापाशी कुणी नव्हतं. बर्फात पावलं नव्हती, कारण तिथे बर्फच नव्हतं. बाबागाडी होती, ब्रेक लावलेली, आणि तिच्यात, कडेवरून पाय बाहेर सोडून, तीन-साडेतीन वर्षांची एक मुलगी बसली होती. केसांची घट्ट वेणी घातलेली. अंगातला स्वेटर हातानं विणलेला, राखाडी, आर्नदीसनं कधी न पाहिलेला.

डोळे लोवाचे होते. तिच्याच बापाचे डोळे, एक किंचित बारीक.

"लोवा," आर्नदीस म्हणाली. दात वाजत होते. "लागलं का गं तुला? कुठे पडलीस? दाखव मला... दाखव."

मुलीनं समजूतदारपणे गुडघा पुढे केला. गुडघ्यावर खूण होती. पांढरी, गुळगुळीत, कधीच भरून आलेली. आर्नदीसनं दोन्ही हातांत तो गुडघा धरला आणि त्यावर फुंकर घातली. पुन्हा घातली. आपण रडतोय हे तिला ठाऊक नव्हतं.

मुलगी तिच्या भिजलेल्या केसांकडे पाहत राहिली, जरा घाबरून, आणि मग अनोळखी माणूस रडताना पाहून मुलांना येतो तसा तिला कळवळा आला.

"आता नाही दुखत, मावशी," ती म्हणाली. आणि मान वळवून, खडकाकडे पाहत, तिनं हलक्या आवाजात विचारलं, "आई, या कोण आहेत?"

काही क्षण नुसतंच थांबून ती ऐकत राहिली. मग तिनं मान डोलावली, आणि आपला गुडघा आर्नदीसच्या हातांतून हळूच सोडवून घेतला.