चौथं नाव

बसा, उभे का? वीज गेली आहे. ती आल्याशिवाय संगणकही चालणार नाही आणि छपाईही होणार नाही. हा कंदील मध्ये असू द्या. डोंगरावर जायचं परवानगीपत्र भरून घ्यायला आलात ना? आणि तिघं आहात म्हणालात. मग वीज येईपर्यंत माझं ऐकाच.

मलांग शहरात हे झेरॉक्सचं दुकान मी चौदा वर्षं चालवते आहे. महामेरू डोंगरावर जाणारी निम्मी पोरं इथूनच कागद नेतात. नावं, ओळख क्रमांक, डॉक्टरची चिठ्ठी, कधी चढणार, कधी उतरणार. बुटांसाठी दहा दुकानं पालथी घालतील, पण ‘घरी कोणाला कळवावं’ हा रकाना रिकामा सोडतील. मग मी ओरडते आणि तो भरून घेते.

आमच्याकडे तीन, पाच, सात अशा विषम संख्येनं डोंगर चढत नाहीत. शिकलेली पोरं हसतात आणि मग गुपचूप चौथा शोधतात. नाहीच मिळाला, तर झाडाची एक फांदी तोडायची, तिला नाव द्यायचं, बरोबर न्यायची आणि बरोबर खाली आणायची. संख्या सम झाली की डोंगराला आपल्याकडून एकाची भर घालावीशी वाटत नाही, असं म्हणतात.

माझा धाकटा भाऊ प्रासोजो त्या डोंगरावर हरवला. जिवलग मित्राबरोबर गेला होता, हेंदार्तो त्याचं नाव. हेंदार्तो परत आला, प्रासोजो आला नाही. दाट धुक्यात चुकामूक झाली, घसा बसेपर्यंत हाका मारल्या, असं हेंदार्तोनं आम्हाला रडत रडत सांगितलं. भावाचा देहसुद्धा मिळाला नाही.

माणूस गेल्यावर हजाराव्या दिवशी शेजारीपाजारी जमतात, दुआ वाचतात, जेवतात, आणि थडग्यावर दगड बसवला जातो. तिथं त्या माणसाचं इथलं सगळं संपतं. आई मात्र ऐकेना. “माती नाही तर दगड कुठं लावू?” म्हणायची. कचेरीतला मृत्यूचा कागदही तिनं सही न करता परत पाठवला. रोज संध्याकाळी प्रासोजोचं ताट वाढून झाकून ठेवायची आणि सकाळी तो भात कोंबड्यांना टाकायची. खरं सांगते, मी थकले होते. हजारावा दिवस जवळ आला तेव्हा मी ठरवलं, वर तळ्याकाठी जाऊन फुलं वाहायची, खाली यायचं आणि आईची सही घ्यायची. आई कबूल झाली, पण एका अटीवर.

“किती जण जाताय?” तिनं विचारलं.

“तिघं. मी, हेंदार्तो आणि हमाल सापुआनदादा.”

“तिघं? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? चौथं नाव प्रासोजोचं घाल.”

“आई, अगं तो...”

“तो काय? बोल ना. तोंडानं बोलून दाखव.”

याच खुर्चीवर बसून मी भावाचा ओळख क्रमांक भरला. वाटलं, संगणक नाकारेल. त्यानं मुकाट्यानं घेतला. आईची सही नव्हती, म्हणजे सरकारच्या लेखी प्रासोजो जिवंत होता. डॉक्टरची चिठ्ठी मी माझीच नाव बदलून छापली, या धंद्यात ते मिनिटभराचं काम. चार नावांचं परवानगीपत्र बाहेर आलं.

पायथ्याच्या गावात चौकी आहे. कोबीच्या शेतांवरून वारा येत होता आणि चौकीतले तास्मुजीकाका लवंगेची सिगारेट ओढत बसले होते.

“चौथा कुठाय?”

“त्याला ताप आलाय, काका. नाही आला.”

“मग नाव खोडतो.”

“खोडू नका हो,” सापुआनदादा म्हणाला. “तिघं राहू की आम्ही.” तो बाहेर गेला आणि सुरूची सरळ फांदी तोडून घेऊन आला. “हा घ्या चौथा. खाणार नाही, पिणार नाही, पाय दुखले म्हणून रडणार नाही. या हेंदार्तोसाहेबांपेक्षा बराच म्हणायचा.”

काका हसले, मीही हसले. हेंदार्तो हसला नाही.

काठीला लोक काहीही नाव देतात. सापुआनदादा आपल्या बोकडाचं द्यायचा. मी चालता चालता काठी हातात घेतली आणि म्हणाले, “चल प्रासोजो.” दादा पुढे होता, तो पाठीवरच्या ओझ्यासकट थांबला.

“काय नाव घेतलंस?”

“कागदावर तेच आहे.”

“ताई, काय करून बसलीस हे! वर राहिलेल्या माणसाचं नाव काठीला देतात का कुणी?” त्याचा आवाज एकदम खाली आला. “दिलंस ते दिलंस. आता नीट ऐक. ही काठी तू आपल्या हातानं खाली आणायची. ती वर राहिली, तर ज्याचं नाव आहे तो उठून खाली येईल. आणि वरची जागा रिकामी राहत नसते. कळलं का?”

“कळलं,” मी म्हणाले. मला माहीत नव्हतं असं मी कुणालाच सांगत नाही. मला माहीत होतं.

दुपारी धुकं उतरलं. पायाखाली काळी राखेची वाळू, तिच्यात प्रत्येक पाऊल करकर वाजतं. दादा पुढे, मी मध्ये, हेंदार्तो मागे. बराच वेळ मी नुसती ती करकर ऐकत होते. मग लक्षात आलं की हेंदार्तोच्याही मागून आणखी एक करकर येते आहे. एक पाऊल पूर्ण पडत होतं, दुसरं घासत होतं. प्रासोजोचा डावा घोटा फुटबॉल खेळताना मोडला होता, तेव्हापासून तो तो पाय असाच ओढायचा. मी थांबले की आवाज थांबायचा. मी मागे बघितलं तर हेंदार्तोपलीकडे नुसतं धुकं होतं. हेंदार्तोचा चेहरा मात्र कोबीच्या पानासारखा पांढरट हिरवा पडला होता.

तळ्याशी पोचलो तेव्हा पाणी दिसत नव्हतं, नुसता त्याचा थंडावा लागत होता. वारा उलटा होता, तरी गंधकाचा वास नाकात भरत होता. दादानं नूडल्स शिजवल्या आणि वाढल्या. मग हातातल्या थाळीकडे बघून तो चरकला. त्यानं चार थाळ्या वाढल्या होत्या.

“सवय...” तो पुटपुटला आणि पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेला.

हेंदार्तोनं थाळीला हातही लावला नाही. “वूर्यानी...” तो म्हणाला. “तो आलाय ना?”

“कोण?”

“मी... मी त्याला त्या दिवशी शोधलंच नाही.”

मग त्यानं सगळं सांगितलं. उतरताना दोघांचं भांडण झालं होतं. प्रासोजोचा घोटा सुजला, तो बसला. हा रागानं पुढे निघून आला. चौकीत विचारलं, दुसरा कुठे, तर हा म्हणाला, मागेच आहे, येईल पाच मिनिटांत. वहीत त्यानं स्वतःची सही केली, मित्राचीही केली, आणि भाजीच्या ट्रकवर बसून घरी गेला. कागदावर दोघंही उतरले होते, म्हणून दोन दिवस शोधायला कुणीच गेलं नाही. त्या दोन दिवसांत वर पाऊस होता.

“त्यानं हाक मारली होती?” मी विचारलं.

“मारली होती.”

“तू ऐकलीस?”

“ऐकली.”

पावणेतीन वर्षं हा मुलगा आमच्या घरी येत होता. ईदला आईच्या पाया पडत होता, तिच्या हातचा भात खात होता, आणि आई स्वतःच्या मुलासाठी झाकलेल्या ताटातले तेंपे, सोयाबीनचे तळलेले तुकडे, त्याच्या पानात वाढत होती. मला इतका संताप आला की रडूसुद्धा आलं नाही.

सकाळी मी फुलं वाहिली आणि काठी फुलांशेजारी वाळूत रोवली. दादा ओझं बांधत होता.

“काठी घेतलीस ना, ताई?” त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

“घेतली.”

मी खाली वाकले आणि वाळूला म्हणाले, “प्रासोजो, चल घरी.” आणि निघाले.

धुकं कालच्यापेक्षा दाट होतं. दादा पुढे, मी मध्ये, हेंदार्तो मागे. त्याची पावलं भराभर पडत होती, एकसारखी. मी मोजत नव्हते, पण कान तिकडेच होते. निम्मी वाट उतरल्यावर ती पावलं थांबली. थोड्या वेळानं पुन्हा वाजू लागली. एक पूर्ण, एक घासून. एक पूर्ण, एक घासून.

तेवढ्यात खूप वरून, खूप लांबून हेंदार्तोची हाक आली. माझ्याच नावाची. एकदाच.

मी ती ऐकली. मी थांबले नाही.

चौकीच्या खिडकीतून तास्मुजीकाकांनी बोट दाखवत मोजलं. “एक, दोन, तीन. बरोबर. आणि तुमचे ते काठीसाहेब?”

सापुआनदादा वळला. त्यानं माझे रिकामे हात बघितले, मग माझ्या पाठीमागे बघितलं. ओझं खाली टाकून तो तिथंच चिखलात बसला.

“सही करा, सही करा,” काका म्हणाले. मी केली. दादाचा हात धरून मी त्याच्याकडून करून घेतली. मग माझ्या खांद्यावरून एक हात पुढे आला आणि त्यानं माझ्या बोटांतलं पेन घेतलं. बोटं बर्फासारखी थंड होती, नखांत काळी वाळू होती. मी मान वर केली नाही, वहीकडेच बघत राहिले. प्रासोजोच्या नावापुढे त्याची सही उमटली, शेवटी शेपूट ओढलेली, शाळेपासून तो करायचा तशीच. हेंदार्तोच्या नावापुढची जागा कोरी राहिली. वर बघितलं तेव्हा मागे कुणी नव्हतं.

तीन उतरले, असं तास्मुजीकाका आजही शपथेवर सांगतात. मी दोन दिवस तोंड उघडलं नाही. दादालाही उघडू दिलं नाही. मग शोधायला गेलेल्यांना तळ्याकाठी माझी फुलं सापडली. काठी नव्हती. ती रोवली होती तिथं हेंदार्तोचे बूट होते, जोडीनं, नीट ठेवलेले.

आणि घरी? घरी पोचले तर दार उघडंच होतं. आई चुलीपाशी गात होती. “एवढ्या उशिरा?” म्हणाली. “भात कमी पडला बघ. तो तर केव्हाच येऊन जेवलासुद्धा.”

मला तो दिसत नाही. आईला दिसतो. सकाळी न्हाणीत काळी वाळू सांडलेली असते, ती मी रोज झाडते. ताट चाटूनपुसून साफ असतं. आईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मला आनंद झाला होता, हे मी लपवत नाही. भाऊ आला म्हणून झाला, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी आईचा पोरगा गेला हे माहीत असूनही झाला.

ती आई म्हणजे सुतियाहमावशी. हेंदार्तोची आई. तुम्ही बसलात त्याच खुर्चीवर ती दर महिन्याला येऊन बसायची. “शेवटचं काय बोलला गं तो?” विचारायची. मी म्हणायचे, धुकं होतं मावशी, काही कळलंच नाही. अगदी तो आम्हाला सांगायचा तसंच. परवा हेंदार्तोचा हजारावा दिवस आहे. मावशीनंही कचेरीतल्या कागदावर सही केलेली नाही.

आज सकाळी ती आली. रडली नाही. सापुआननं तिला सगळं सांगितलं होतं. ती चिडली असती, माझ्या झिंज्या उपटल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं पिशवीतून दुसऱ्या दुकानात छापलेलं परवानगीपत्र काढलं. हे बघा, कंदिलाजवळ धरा. दोनच नावं आहेत. एक माझं, एक हेंदार्तोचं. माझा क्रमांक तिला मागच्या कागदांवरून मिळाला.

“दोघंच आहात,” ती म्हणाली. “सम आहे. भ्यायचं कारण नाही.”

“मावशी...”

“काठी मी घरूनच आणलीये. त्याचं नाव देऊन ठेवलंय.” दाराआड उभी आहे ना, ती. हात नका लावू. “वर नेऊन रोव. बाकी तुला माहीतच आहे, पोरी.”

मी हो म्हणाले. नाही म्हणता आलं असतं. दार लावून घेता आलं असतं. पण त्याची ती हाक मी ऐकली होती, आणि त्याच्या आईनं आता माझ्याकडे दुसरं काहीच मागितलं नाही.

म्हणून सांगते, तुम्ही परवाचा दिवस धरू नका. पुढच्या आठवड्यात जा, चौघं होऊन जा. आणि काठी नेलीत, तर तिला बोकडाचं नाव द्या.

हं, मागून आवाज येतोय ना, तो ताटांचा. आई जेवायला मांडते आहे. आमच्या घरात तीन ताटं असतात, तिचं, त्याचं आणि माझं. गेले चार दिवस ती दोनच मांडते. मी विचारलं तर माझ्याकडे बघतसुद्धा नाही, प्रासोजोशी बोलत राहते.

मावशी आज सकाळी आली. आणि माझं ताट चार दिवसांपासून नाही, मी हो म्हणायच्या आधीपासून.

आली बघा वीज. सांगा, नावं काय काय लिहू?